चांदीवर नाव घालताना: एका चित्रणाची हकिगत

आमच्या आत्याचे सहस्रचंद्रदर्शन २२ डिसेंबर २०२४ रोजी करायचे, असे घरात मे महिन्यातच ठरले. माहेरकडून तिला औक्षणाचे चांदीचे तबक द्यावे आणि त्याच्या काठावरची अक्षरे यंत्राने न घालता हाताने घालून घ्यावीत, ही माझ्या वडिलांची इच्छा होती. आणि ती अक्षरे उमटत असताना अगदी जवळून चित्रित करून ठेवावीत, ही माझी. घरच्या कार्यांचे आणि सहलींचे व्हिडिओ मी हौसेने करते, पण चकचकीत धातूवरचे बारीक काम कधी चित्रित केले नव्हते. या कामाला जुलैपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ लागला. मला त्या वेळी हवी असलेली माहिती मराठीत एकत्र सापडली नाही, म्हणून जे जसे घडले ते तारखांसह आणि खर्चासह लिहून ठेवत आहे.

जुन्या घरांतल्या पितळी हंड्यांवर, तांब्याच्या घागरींवर आणि फुलपात्रांवर जी नावे दिसतात, ती बहुतेक हातानेच घातलेली असतात. बाजारात या कामाला ‘नाव घालणे’ असेच म्हणतात. कारागिराच्या एका हातात बोटभर लांबीची पोलादी छिन्नी असते आणि दुसऱ्या हातात लहान हातोडी. छिन्नी रेघेवरून पुढे सरकत राहते आणि तिच्या माथ्यावर सेकंदाला तीन-चार ठोके पडत राहतात. आता बहुतेक दुकानांत विजेवर थरथरणारी, पेनासारखी यंत्रे आली आहेत आणि भांडे घेतले की नाव फुकट घालून मिळते. नाशिकच्या भांडी बाजारातल्या एका बोळात मात्र अजून अण्णा बसतात. त्यांना सगळा बाजार अण्णा याच नावाने ओळखतो, म्हणून मीही इथे तेवढेच लिहिते. वय ७१, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, हात मात्र स्थिर. त्यांचा दर अक्षरामागे २० रुपये आहे, आणि जोडाक्षराला दुप्पट वेळ लागत असला तरी ते ते एकच अक्षर धरतात. आम्हाला घालायचा मजकूर असा होता: आत्याचे नाव, त्याखाली ‘सहस्रचंद्रदर्शनानिमित्त माहेरच्या मंडळींकडून सप्रेम भेट’ आणि शेवटी ‘मार्गशीर्ष शके १९४६’. नावाची ७ अक्षरे धरून एकूण ४३ अक्षरे झाली, म्हणजे ८६० रुपये.

१३ जुलैला, शनिवारी, मी पहिल्यांदा त्यांच्या गाळ्यावर गेले. गाळा असेल आठ बाय सहा फुटांचा. आत एक लाकडी ओटा, ओट्यावर अण्णांची बैठक, डाव्या हाताला पूर्वेची खिडकी आणि डोक्यावर एक ट्यूबलाइट. त्या दिवशी ते एका गिऱ्हाइकाच्या चांदीच्या पेल्यावर नाव घालत होते. गिऱ्हाइकाच्या वस्तूचे चित्रण करायचे नाही, असे त्यांनी आधीच सांगितले, म्हणून त्यांनी दिलेल्या तांब्याच्या एका तुकड्यावर मी मोबाईलने प्रयत्न करून पाहिला. घरी येऊन पडद्यावर बघितले, तेव्हा तीन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली, सगळ्या चित्रावरून फिकट काळे पट्टे वर सरकत होते. दुसरी, तांब्याच्या मधोमध माझ्याच मोबाईलची काळी पाठ दिसत होती. तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली: अक्षर कुठेच दिसत नव्हते. हातोडी दिसत होती, बोटे दिसत होती, एक पांढराशुभ्र झोत दिसत होता, पण ज्या रेघेसाठी गेले होते ती त्या झोतात विरून गेली होती.

पट्ट्यांचे कारण लवकर सापडले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे ट्यूबलाइट किंवा स्वस्तातला एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण सेकंदाला ३० फ्रेम घेणाऱ्या मोबाईलला कळते. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (एका फ्रेमसाठी उजेड आत घेण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवले की पट्टे जातात. मोबाईलवर हे हाताने ठरवू देणारे अॅप घ्यावे लागते. कॅमेऱ्यात ती सोय असतेच.

अक्षर न दिसण्याचा प्रश्न मात्र इतका सोपा नव्हता. मी वाचले होते की पोलरायझर नावाचा फिल्टर लेन्सवर लावला की चमक कमी होते, म्हणून जुलैअखेर २,६५० रुपयांना तो विकत घेतला. पाण्यावरची, काचेवरची किंवा झाडाच्या पानांवरची चमक त्याने खरोखर कमी होते, कारण तिथून तिरपा परतणारा प्रकाश बऱ्याच अंशी एकाच प्रतलात कंप पावत असतो. धातूवरून परतणाऱ्या प्रकाशाचे तसे होत नाही, त्यामुळे फिल्टर कितीही फिरवला तरी तबकावरचा झोत तसाच राहतो. दिव्यावरही तसाच पोलरायझरचा कागद लावून दोन्ही एकमेकांना काटकोनात आणले की चमक जाते, पण मग चांदी शिशासारखी काळपट दिसते आणि तिचे चांदीपणच हरवते. ज्यांना फक्त चकाकीसाठी हा फिल्टर घ्यावासा वाटत असेल, त्यांनी तो आधी कुणाकडून उसना घेऊन धातूवर धरून पाहावा.

ऑगस्टमध्ये काम पुढे सरकले नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडले आणि गोदावरीकाठची, पुराची खूण मानली जाणारी दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडू लागली की भांडी बाजारातले आणि सराफ बाजारातले लोक खालचा माल वरच्या मजल्यावर हलवू लागतात. अशा दिवसांत कुणाकडे कॅमेरा घेऊन जाणे शोभले नसते. त्याच महिन्यात एका उघडिपीच्या दिवशी धाकट्या भावाबरोबर पांडवलेण्यांत गेले होते. तिथल्या ३ क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिचा नातू राजा पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षीचा. समोरून पाहिला तर तो भिंतीच्या खडबडीत रंगात मिसळून जातो. भावाने मोबाईलचा दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरला आणि ब्राह्मी अक्षरे एकदम उठून आली, कारण प्रत्येक खोदलेल्या रेघेत सावली भरली. आता उत्तर सापडले, असे समजून मी घरी येऊन स्टीलच्या एका ताटावर तसाच आडवा दिवा धरून पाहिला. ताट काळे पडले, ओरखड्यांवर तेवढे पांढरे ठिपके चमकले, आणि ताटाच्या ज्या कडेवर दिवा थेट प्रतिबिंबित होत होता तिथे पुन्हा तोच झोत आला. दगड प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून त्याच्यावर सावली पडते. चकचकीत धातू प्रकाश विखुरत नाही, तो ज्या कोनात आला त्याच कोनात पलीकडे धाडतो. कॅमेऱ्याला धातू म्हणून जे दिसते ते खरे तर धातूसमोर असलेल्या वस्तूंचे प्रतिबिंब असते. हे शाळेत शिकलेले होते, पण आरशाबद्दल; तबक हाही आरसाच आहे, हे त्या रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर उमगले.

तिथून पुढे दिवा धातूवर कसा टाकायचा हा विचार मी सोडला आणि धातूला समोर काय दिसते आहे, हे पाहू लागले.

रंगीत तालमीसाठी पितृपक्ष निवडला, आणि ही सूचना मी आवर्जून करीन. २०२४ मध्ये पितृपक्ष २ ऑक्टोबरच्या सर्वपित्री अमावास्येपर्यंत होता. या पंधरवड्यात लोक सहसा चांदी-सोने आणि नवी भांडी घेत नाहीत, त्यामुळे कारागिरांना उसंत असते. घटस्थापना झाली की दसरा, धनत्रयोदशी आणि पाडव्याची कामे येतात आणि मग कुणाचा वेळ मागणे अन्यायाचे होते. अर्थात आत्याचे तबक पितृपक्षात काढायचे नाही, हे घरातून निक्षून सांगितले होते, म्हणून मी ४०० रुपयांचे तांब्याचे आणि पितळेचे पत्र्याचे तुकडे घेतले आणि २१ व २८ सप्टेंबर या दोन शनिवारी अण्णांनी त्यांवर बाराखडी घातली.

या तालमींसाठी कॅमेरा माझाच होता, पण १०० मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून चित्र घेणारी) लेन्स आणि दोन एलईडी पॅनल भाड्याने आणले. लेन्सचे भाडे दिवसाला ८५० रुपये आणि पॅनलचे दोन्ही मिळून ७००, दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. पहिल्यांदा नेणाऱ्याकडून आधार आणि पॅनची प्रत, वीजबिल आणि १५,००० रुपयांचा अनामत धनादेश घेतात. पहिल्या खेपेस मिळालेल्या लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशीचे तंतू होते आणि ते मला घरी आल्यावर दिसले. परत करताना ते माझ्या नावावर लागतील या भीतीने माझी झोप उडाली. सुदैवाने ताबा घेताना काउंटरवरच काढलेल्या एका फोटोत ते दिसत होते, म्हणून वाद मिटला. भाड्याची लेन्स ताब्यात घेताना मोबाईलचा दिवा मागच्या बाजूने आत टाकून समोरून पाहावे, फोटो काढावा आणि तो तिथल्या तिथे त्यांना पाठवून ठेवावा.

पहिल्या तालमीत मी सगळे माझ्या सोयीने मांडले होते. दोन्ही बाजूंना पॅनल, वरून कॅमेरा, आणि अण्णांना थोडे मागे सरकून बसायची विनंती. त्यांनी काही न बोलता तसे केले आणि अर्ध्या तासात त्यांच्या हातून एक रेघ घसरली. ती रेघ त्यांनी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “ताई, तुमच्या दिव्यात मला रेघ दिसत नाही.” मला फार ओशाळल्यासारखे झाले. ज्यांच्या कामासाठी आले होते त्यांनाच मी त्यांचे काम दिसेनासे केले होते. दिवे बंद केले, ट्यूबलाइट बंद केली आणि त्यांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसायला सांगितले. मग मी त्यांच्या खांद्यामागे उभी राहून त्यांना काय दिसते ते पाहिले.

खिडकी त्यांच्या डावीकडे, किंचित समोर होती. पत्रा त्यांनी असा तिरपा धरला होता की त्यात त्यांच्याच पांढऱ्या सदऱ्याचे प्रतिबिंब पडावे. त्या सपाट पांढऱ्या पार्श्वभूमीवर छिन्नीने उघडलेली प्रत्येक चीर खिडकीकडे न पाहता ओट्याच्या काळ्या लाकडाकडे पाहत होती, म्हणून ती काळी दिसत होती. जणू पांढऱ्या पाटीवर काळी पेन्सिल चालली होती. पत्रा जरा कलता केला की सगळे उलटे होई: पत्रा काळा आणि नुकतीच कापलेली चीर खिडकीच्या उजेडाने पांढरी. अण्णा दर पाच-सहा ठोक्यांनंतर मनगटाने पत्रा इतकासा कलता करून दोन्ही रूपे पाहून घेत होते. मी विचारले, तर म्हणाले, “सदरा पांढरा असला की रेघ दिसते. रंगीत घातला तर डोळा फसतो.” मला ज्याचा शोध घ्यायला दोन महिने लागले होते, ते त्यांच्या बैठकीत आधीपासून मांडलेले होते.

दुसऱ्या तालमीत मी पॅनल नेलेच नाहीत. ट्रेसिंग पेपरचे सहा मोठे ताव (९० रुपये) नेले आणि त्यांतले दोन खिडकीच्या चौकटीवर ताणून लावले, म्हणजे आकाशाचा तुकडा आणि समोरच्या इमारतीची कडा यांऐवजी धातूला एकसारखी पांढरी खिडकी दिसू लागली. काळ्या पुठ्ठ्याचे हातभर लांबीचे दोन पट्टे नेले आणि ते चित्राच्या चौकटीबाहेर, पत्र्याच्या दोन बाजूंना उभे केले. पूर्ण पांढऱ्या तंबूत धातू कागदासारखा निर्जीव दिसतो. त्याला कुठेतरी एक काळी कड दिसू द्यावी लागते, मग त्याची गोलाई आणि चीर दोन्ही कळतात. पुठ्ठा बोटभर पुढे-मागे केला की ‘क’ दिसे किंवा नाहीसा होई. माझा लाल कुर्ता पितळेवर कळला नव्हता, पण चांदीच्या एका लहान वाटीवर पाहिले तर वाटी गुलाबी दिसली, म्हणून पुढच्या वेळी राखाडी कपडे घातले. छताचा पंखाही बंद ठेवावा लागतो. त्याची पाती धातूत फिरताना दिसतात आणि ट्रेसिंग पेपरही हलतो. अण्णांना उकाड्याचा त्रास होऊ नये, म्हणून दर पंधरा मिनिटांनी थांबून पंखा लावत होतो.

ट्रायपॉडचेही एक शिकले. मी तो सुरुवातीला ओट्यावरच ठेवला होता, आणि एवढ्या जवळच्या चित्रात हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला सगळी चौकट थरथरत होती. ट्रायपॉडचे तिन्ही पाय ओट्याला न लागता खालच्या फरशीवर ठेवले आणि मधल्या दांड्याला वाळूची पिशवी टांगली, तेव्हा थरथर गेली.

फोकसबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथे माझे सर्वांत जास्त चित्रण वाया गेले. मॅक्रो लेन्सने वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटेल इतके जवळ गेले, तर फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात, लेन्सचे छिद्र एफ ८ इतके लहान ठेवूनही, स्पष्ट दिसणारा थर जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. त्या मिलिमीटरमध्ये छिन्नीचे टोक आले तर अक्षर धूसर, आणि अक्षर आले तर टोक धूसर. निम्म्या आकाराइतके मागे आले की तोच थर तीन मिलिमीटरच्या जवळ जातो. म्हणून मी तेवढे मागे येऊन ४के मध्ये, म्हणजे जास्त बारकाव्याने, चित्रण केले आणि संकलनात हवा तेवढा भाग कापून घेतला. कॅमेऱ्याचा स्वतःचा फोकस चमकत्या पृष्ठभागावर पुढे-मागे धावत राहतो, म्हणून तो बंद करून हाताने लावला. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची असते: नाव घालताना छिन्नी फारशी जागा सोडत नाही, भांडेच तिच्याखाली फिरते. एकदा छिन्नीच्या टोकावर फोकस बसवला की बराच वेळ तो हलवावा लागत नाही.

आता कागदपत्रे. अण्णा त्या गाळ्यात पागडीने आहेत. चित्रण होणार हे कळल्यावर मालकांनी निरोप पाठवला की लेखी दिल्याशिवाय कॅमेरा आत येऊ नये. त्यांची भीती समजण्यासारखी होती. ताब्याचा वाद उद्या उभा राहिला तर असे चित्रण पुरावा म्हणून कुणी वापरेल, असे त्यांना वाटत होते. मी नवरात्रापूर्वी त्यांच्याकडे जायला हवे होते, पण दसऱ्याची धावपळ संपू द्यावी म्हणून थांबले. दरम्यान ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात १०० रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी किमान ५०० रुपयांचा मुद्रांक झाला, त्यामुळे २१ ऑक्टोबरला हमीपत्र करताना ५०० रुपये मुद्रांकाचे आणि ३०० रुपये नोटरीचे गेले. हमीपत्रात तीनच कलमे होती: चित्रणात दुकानाची पाटी, तिजोरी आणि गिऱ्हाइकांच्या वस्तू येणार नाहीत, चित्रण जागेच्या कोणत्याही वादात वापरले जाणार नाही, आणि मागितल्यास मालकांना प्रत दिली जाईल. अण्णांचे संमतीपत्र वेगळे केले, साध्या कागदावर, मराठीत, आणि सही घेण्यापूर्वी ते त्यांना पूर्ण वाचून दाखवले. त्यांनी त्यात एक ओळ वाढवायला सांगितली, की छिन्नीला पाणी देतानाचे (ती तापवून, बुडवून कडक करतानाचे) चित्रण करू नये. ती ओळ घातली आणि पाळली.

पोलीस ठाण्यातही जावे लागले, कारण बोळ अरुंद आणि एखादवेळी ट्रायपॉडचा पाय उंबऱ्याबाहेर येण्याची शक्यता होती. १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि मी १६ला अर्ज घेऊन गेले. साहजिकच सगळे बंदोबस्ताच्या कामात होते. तीन खेपांनंतर उत्तर मिळाले, की खाजगी जागेत आतल्या आत चित्रण करायला त्यांची हरकत नाही, पण मतदान होईपर्यंत रस्त्यावर काहीही ठेवता येणार नाही. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. माझ्याजवळ तो होता, म्हणून शेजारच्या दुकानदारांनी विचारल्यावर लगेच दाखवता आला. आचारसंहितेच्या काळात नाक्यांवर मौल्यवान वस्तूंची तपासणी होते, त्यामुळे तबक नेता-आणताना त्याचे बिल मी पाकिटात न ठेवता तबकाच्याच डब्यात ठेवले होते.

भाऊबीज ३ नोव्हेंबरला झाली. लग्नसराई सुरू होण्याआधीचा आठवडा बाजारात जरा निवांत असतो, म्हणून ९ आणि १० नोव्हेंबर हे दिवस अण्णांनीच सांगितले, आणि वेळ सकाळी साडेआठ ते सव्वादहा, बाजार उघडण्यापूर्वीची. त्या वेळी खिडकीत उजेड असतो, पण ऊन थेट येत नाही.

९ तारखेला प्रथम तबकाचे वजन झाले: ३८०.४२ ग्रॅम. अण्णांनी काठावरून खडूचा हलका हात फिरवला, चमक गेली, आणि त्या पांढुरक्या थरावर पेन्सिलीने दोन कमानी आखून अक्षरांच्या जागा धरल्या. खडू लावलेला असताना चित्रण सर्वांत सोपे जाते. ज्यांना फक्त आखणी दाखवायची आहे, त्यांनी ती तेवढ्यात करून घ्यावी. पहिले अक्षर सुरू झाले आणि लगेच माझ्या हातून चूक झाली. भिंगातून चांदीचे बारीक कण अक्षराभोवती पसरलेले दिसत होते, म्हणून मी सवयीने रबरी फुंकणी काढली. अण्णांनी हातोडी खाली ठेवून माझा हात धरला. “अगं, तो कीस आहे. कीस उडवायचा नसतो.” तो वजनात धरतात. सराफ बाजारात जमिनीवरची धूळसुद्धा झाडून ठेवतात आणि झारेकरी ती धुऊन तिच्यातले सोने-चांदी काढतात, हे मी ऐकले होते. तरीही फुंकणी हातात होती. मग त्यांनी हरणाच्या केसांइतक्या मऊ कुंचल्याने कीस एका घडीच्या कागदात ओढून घेतला, आणि पुढे प्रत्येक अक्षरानंतर तसाच घेत राहिले. फुंकणी मी पिशवीत परत ठेवली. चित्रणात ते कुंचल्याचे ओढणे राहिले आहे आणि मला ते फार आवडते.

‘सहस्रचंद्रदर्शनानिमित्त’ हा एकच शब्द ५० मिनिटे चालला. त्यात ११ अक्षरे आणि ‘स्र’, ‘द्र’, ‘र्श’, ‘त्त’ अशी चार जोडाक्षरे आहेत. भिंगातून पाहिले तर ज्याला आपण एक सलग काना म्हणतो ती सलग रेघ नसते. ‘नि’च्या कान्यात मी नंतर फ्रेम थांबवून १७ घाव मोजले, प्रत्येक घाव तांदळाच्या कणीसारखा, एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला वर आलेला, आणि प्रत्येकाची खोल बाजू एकाच दिशेला. म्हणूनच तबक कलते केले की पूर्ण अक्षर एकदम उजळते. शिरोरेघ अण्णा सर्वांत शेवटी घालतात, पूर्ण शब्दावरून, एका दमात. त्या वेळी डाव्या हाताने तबक इतक्या संथपणे फिरते की हातोडीचा आवाज नसता तर ते फिरते आहे हे कळलेही नसते. नावाची आणि या शब्दाची अक्षरे मी पांढऱ्या काठावर काळी रेघ अशी घेतली, कारण ती वाचता यायला हवी होती. दुसऱ्या दिवशीची अक्षरे उलट घेतली: खिडकीकडचा एक पुठ्ठा सरकवला, काठ काळा झाला, आणि छिन्नीच्या टोकाशी नवी चीर उघडताना प्रत्येक ठोक्याला एक ठिणगीसारखा बिंदू दिसू लागला. यासाठी कॅमेऱ्याचे एक्सपोजर (आत घेतल्या जाणाऱ्या उजेडाचे प्रमाण) नेहमीपेक्षा बरेच खाली आणावे लागते, नाहीतर ते बिंदू फुटून पांढरे डाग होतात. काळोख संकलनात थोडा उजळता येतो, पण जळालेला पांढरा भाग परत येत नाही.

सावकाश गतीचे चित्रण मी १० तारखेला फक्त खिडकीच्या उजेडात केले, सेकंदाला १०० फ्रेमनी. त्याला उजेड चौपट लागतो, त्यामुळे साडेनऊनंतरची २० मिनिटेच वापरता आली. आवाज मोबाईलपेक्षा वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला आणि तो ओट्यापासून दोन फूट लांब ठेवला; जवळ ठेवला तर ठोक्याचा आवाज फुटतो.

शेवटी पुन्हा वजन झाले: तबक ३८०.१६ ग्रॅम, कागदातला कीस ०.२४ ग्रॅम. दोन शतांश ग्रॅम कुठेतरी उडाले होते, बहुधा माझ्याच बाहीवर. किसाची पुडी अण्णांनी माझ्या हातात दिली. दोन सकाळींचे मानधन घ्यायला ते तयार नव्हते. अक्षरांचे पैसे घेतले म्हणजे झाले, असे म्हणाले. वडिलांनी बरोबर येऊन ३,००० रुपये आग्रहाने दिले, आणि मला वाटते, ते देणे आवश्यकच होते, कारण कॅमेऱ्यासाठी थांबण्यात त्यांचे निम्मे काम बुडाले होते. चार दिवसांचे लेन्सभाडे, दोन दिवसांचे पॅनल, फिल्टर, कागदपत्रे, पत्रे आणि हे मानधन धरून एकूण खर्च १३,४६४ रुपये झाला. पॅनल आणि फिल्टर घेतले नसते तर चार हजारांहून अधिक वाचले असते.

मूळ चित्रण सुमारे सहा तासांचे, २७० जीबीच्या आसपास भरले. दोन वेगळ्या डिस्कवर ते ठेवले आणि एक डिस्क अण्णांच्या नातवाला दिली. कार्यक्रमासाठी ११ मिनिटांचे चित्रण तयार केले, त्यात संगीत घातले नाही.

३० नोव्हेंबरला लॅपटॉप घेऊन अण्णांकडे गेले. आपले हात एवढे मोठे त्यांनी कधी पाहिले नव्हते. सुरुवातीला ते हातांकडे पाहत होते, मग फक्त अक्षरांकडे. ‘मंडळींकडून’ या शब्दावर त्यांनी थांबवायला सांगितले, चष्मा काढून पडद्याजवळ वाकले आणि ‘ळीं’वर बोट ठेवले. ‘ळ’ची डावी वाटी जिथे मिटायला हवी, तिथे केसाएवढी फट होती. मला ती सांगूनही क्षणभर दिसली नाही. “नुसत्या डोळ्याला हे दिसलं नसतं,” ते म्हणाले, “पण आता दिसलं आहे. उद्या तबक घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी रविवारी वडील आणि मी बिलासह तबक घेऊन गेलो. वजन झाले, खडू लागला नाही, अण्णांनी खिडकीकडे तोंड करून तबक सदऱ्यासमोर तिरपे धरले आणि दोन ठोके मारले. अंगठ्याने जागा पुसली, कलते करून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि पुन्हा वजन केले. लेन्स १० तारखेलाच परत गेली होती, त्यामुळे ते दोन घाव चित्रणात नाहीत.